एक्कावन्न रुपयांची फरशी

आमच्याकडं आटपाडीत कुठल्याही कामाबद्दल "होईल का?" असं विचारलं, तर नाही कुणीच म्हणत नाही. "हुतंय की!" म्हणतात. मोटर दुरुस्त होईल का? हुतंय की. सातबाऱ्यावर नाव लागेल का? हुतंय की. थोरल्याचं लग्न? त्येबी हुतंय की. पण पुढं जाऊन "कधी?" असं विचारलंत, तर समोरचा माणूस तुमच्याकडं असा बघतो, जणू तुम्ही त्याच्या बायकोचं वय विचारलंत.

रसायनशास्त्रात तर यासाठी दोन स्वतंत्र खातीच आहेत. "होईल का" सांगणारं खातं वेगळं, "कधी होईल" सांगणारं वेगळं. सोनाराच्या काचेखालचा हिरा तसाच राहील का, हे पहिल्या खात्याला विचारा. ते सांगेल, छे, त्याचं ग्रॅफाइट होणार, पेन्सिलीत असतं ते. फाइल मंजूर आहे. मग घाबरून दुसऱ्या खात्यात जा. तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणेल, मंजूर आहे ना, पण सूर्य विझेपर्यंत तरी ती फाइल टेबलावरून हलायची नाही. जा, अंगठी करा.

मी या दुसऱ्या खात्यातला माणूस. म्हणजे दहावीला विज्ञान शिकवतो, आणि 'रासायनिक अभिक्रियेचा दर' हा भाग आला की माझ्या अंगात येतं. बावीस वर्षं येतंय. यंदा मात्र जरा जास्तच आलं आणि त्यात एका देवळाच्या देणगीदाराचं नुकसान झालं, ते सांगतो.

डिसेंबरातला शुक्रवार होता. पुस्तकातला प्रयोग अगदी साधा. एका परीक्षानळीत शहाबादी फरशीचे तुकडे, दुसरीत तेवढ्याच वजनाचा फरशीचा चुरा, दोन्हींत सारखंच विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. शहाबादी म्हणजे चुनखडक. आम्ल पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. बुडबुडे कुठं जोरात येतात ते बघायचं, एवढंच. आदल्या दिवशी पोरांना म्हटलं, फरशीचे तुकडे आणा. एकानं कडप्पा आणला. एकानं बाथरूमची टाइल आणली. एकानं काहीच आणलं नाही आणि "आमच्यात फरशी न्हाय सर, शेणानं सारवत्यात" असं सांगून मला गप्प केलं. कडप्पा हासुद्धा चुनखडकच असतो, पण पुस्तकात शहाबादी छापलंय म्हणून तो नापास झाला. शिक्षणखात्यात राहून राहून माणूस असा होतो.

शेवटच्या बाकावरच्यानं मात्र खरी शहाबादी आणली होती. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आणि तिच्यावर कोरलेली अक्षरं: 'र्थ रु. ५१'.

"कुठनं आणलीस रं?"

"देवळाच्या मागनं. ग्रॅनाइट बसवलाय न्हवं सर, जुनी समदी तिकडं टाकलीया."

म्हणजे कुण्या भाविकानं कधीकाळी कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' एक्कावन्न रुपये दिले होते. आता नाव एका तुकड्यावर, स्मरण दुसऱ्यावर आणि रक्कम माझ्या टेबलावर. मी क्षणभर कचरलो. पण तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि धर्मसंकटाला वेगळी तासिका नसते. तुकडा नळीत मावेना, म्हणून चंचुपात्रात उभा केला. अक्षरं आडवी झाली; 'रु.' आणि '५' वर राहिले, '१' खाली आम्लात गेला.

आमच्या प्रयोगशाळेतली आम्लाची बाटली माझ्याआधी नोकरीला लागलेली आहे. तिचं बूच सैल, त्यामुळं आतला वायू वर्षानुवर्षं रजा टाकून निघून जातो आणि मागं उरतं ते नावापुरतं आम्ल. त्याची संहती, म्हणजे ठरावीक पाण्यात किती आम्ल हे प्रमाण, देवालाच माहीत. आम्ल ओतलं. चाळीस पोरं वाकून बघू लागली. एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळानं दुसरा आला. तिसऱ्याला टाळ्या पडल्या.

तेव्हा शेवटच्या बाकावरचा पुढं आला. "सर, ढेकूळ कोन टाकतंय? आमचं चुलतं सांगत्यात, दानं पाडा, मग तेजाब पळतंय." आणि माझी परवानगी विचारायच्या आत त्यानं फरशीची एक कपची लोखंडी खलात घालून कुटली, पीठ केलं आणि दुसऱ्या चंचुपात्रात टाकून वर तेच नावापुरतं आम्ल ओतलं. फस्सकन फेस वर आला, काठावरून उतरला, टेबलावरून निघाला आणि हजेरीपटावर जाऊन थांबला. त्या दिवशीच्या तीन पोरांची गैरहजेरी पुसली गेली. ती तिघं अजून त्या चुलत्यांना दुवा देतात.

गणित सोपं आहे. एक सेंटीमीटर बाजूचा घनाकार खडा घ्या. त्याला सहा पृष्ठं, म्हणजे आम्लाला शिवायला सहा चौरस सेंटीमीटर जागा. त्याचेच एकेक मिलिमीटरचे हजार दाणे करा, जागा साठ चौरस सेंटीमीटर होते. माल तोच, पण दारं दहापट. आम्लाला काय, दारातूनच आत जायचं असतं. हे मी फळ्यावर लिहीत होतो तेवढ्यात घंटा झाली. सगळे पळाले, मीही पळालो. तुकडा तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. हवेत गारठा. मी फळ्यावर एक टेकडी काढली आणि म्हटलं, ही सक्रियण ऊर्जा. अभिक्रिया पलीकडच्या उतारावर आपोआप घरंगळत जाईल, पण आधी ही टेकडी चढायला लागते. आटपाडीत हे समजावायला टेंभूइतकं सोपं उदाहरण नाही. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी आहे, इकडं आमची माणगंगा वर्षातले कित्येक महिने वाळूची. पाणी एकदा वर आलं की कालव्यानं आपलं आपण पळणार. पण आधी ते पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलून चढवायचं. उपसा सिंचन योजनेला मंजुरी १९९६ सालची. आमच्या पोरांचा त्यानंतर जन्म झाला, ती शाळेत आली, दहावीला बसली, आणि सक्रियण ऊर्जा म्हणजे काय हे त्यांना पुस्तक न उघडता कळतं.

पुढचं जरा अवघड असतं. थोडं तापवलं की अभिक्रिया एवढी पळते का? व्हॅन्ट हॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाच्या नावानं एक ढोबळ ठोकताळा सांगतात, की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट, कधी तिप्पट होतो. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली याच गृहस्थांना मिळालं. पण गंमत अशी, की सत्तावीस अंशांवरून सदतीसवर गेलं तर रेणूंचा सरासरी वेग जेमतेम दीड-दोन टक्के वाढतो. दीड-दोन टक्क्यांत काम दुप्पट! असं फक्त मार्चअखेर सरकारी कचेरीत होतं. याचं उत्तर स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८८९ साली दिलं. सगळ्यांनी पळायची गरजच नाही. टेकडी ओलांडण्याइतका दम ज्यांच्यात आहे, असे थोडेच असतात, आणि उष्णता वाढली की त्या थोड्यांची संख्या झपाट्यानं वाढते.

हे समजावायला मी गेली कित्येक वर्षं वाघराचा दृष्टांत देतो. रात्री मेंढरं ज्या जाळीत कोंडतात ती वाघर. म्हटलं, समजा शंभर मेंढरं आत आहेत. वाघरावरून उडी मारणारी त्यात दोनच. आता ऊन तापलं, मेंढरांच्या अंगात जोर आला, तर उडी मारणारी चार होतात. म्हणजे वेग दुप्पट.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या घरी दीडशे मेंढरं आहेत. "सर, ऊन तापल्यावर मेंढरं उड्या मारत न्हाईत."

"मग?"

"एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी ऱ्हात्यात. मारलं तरी हालत न्हाईत."

वर्ग हसला. बावीस वर्षांत हा दृष्टांत ऐकून कुणी काही बोललं नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्यानं वहीत उतरवून घेतला होता. त्यातल्या काहींनी पेपरात लिहिलाही असणार आणि त्याला मी गुणही दिले असणार.

आणि आमच्याच तालुक्यात या टेकडीच्या सिद्धान्ताला नापास करणारी जागा आहे, ती मी वर्गात सांगतच नाही. स्वतंत्रपूर. औंध संस्थानच्या काळात वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा इथल्या शेटफळ्याचे. भिंत नाही, कुंपण नाही, म्हणजे सक्रियण ऊर्जा जवळपास शून्य. पुस्तकाप्रमाणं अभिक्रिया तत्काळ व्हायला पाहिजे, सगळे कैदी पसार. पण ते शेती करतात आणि संध्याकाळी मुक्कामाला परत येतात. याला समीकरण नाही.

शाळा सुटल्यावर बाजारात गेलो. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शनिवारचा. तिथं माणसं आणि मेंढरं यांची संहती सारखीच जास्त असते आणि टकरी सतत चालू असतात. पण रेणूंचं आणि माणसांचं एक सारखं आहे: नुसत्या टकरीनं काही घडत नाही. एक शेतकरी आणि एक गिऱ्हाईक एका बकऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. गिऱ्हाईक म्हणालं, "बोला." शेतकरी म्हणाला, "तुमीच बोला." मी चहा प्यायलो, दोन पेंढ्या मेथी घेतली, परत आलो. ते अजून "तुमीच बोला"वरच होते.

मग हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल आला. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, शेतकऱ्याचा हात त्याच्याखाली घेतला आणि बोटं दाबली. शेतकऱ्यानं मान हलवली. रुमाल गिऱ्हाइकाकडं गेला. पुन्हा बोटं. दोघांच्या तोंडावरची रेष हलली नाही, बकरा मात्र अस्वस्थ झाला. तीन-चार फेऱ्यांत सौदा जुळला. उघड बोलायला जो आकडा दोघांनाही टेकडीएवढा वाटत होता, तो रुमालाखालून सुळकन गेला. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं १८३५ साली उत्प्रेरकाला, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला नाव दिलं तेव्हा त्यानं हा रुमाल पाहिलेला नव्हता, पण त्याला हेच म्हणायचं होतं. पोटॅशियम क्लोरेट नुसतं तापवलं तर ऑक्सिजन सोडायला नखरे करतं. चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाका, पुष्कळ कमी तापमानाला मुकाट्यानं सोडतं. टेकडी तोडलेली नसते, खालून वाट काढलेली असते. व्याख्येचा दुसरा भाग असा, की अभिक्रिया संपल्यावर उत्प्रेरक होता तसाच, होता तेवढाच उरतो. हेडी दोन्ही बाजूंची दलाली घेऊन आला होता त्यापेक्षा जड होऊन निघतो, म्हणून हे उदाहरण मी परीक्षेत चालवून घेत नाही.

रुमालाचंही कधी कधी चालत नाही म्हणा. २०२० साली आमच्या तालुक्यातला सर्जा नावाचा माडग्याळी मेंढा देशभर वर्तमानपत्रांत झळकला होता. सत्तर लाखाला मागितला होता. मालक म्हणाला, दीड कोटी. अभिक्रिया झाली नाही. सत्तर लाखांनी जी टेकडी चढली नाही ती टेकडी किती उंच असेल, याचा विचार करत मी मेथी घेऊन घरी आलो.

घरी बायको विरजण लावत होती. या एका खात्यात तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही. मे महिन्यात ती संध्याकाळी जेमतेम ताकाचं बोट लावते. रात्री दही लागतं, आणि फ्रिजमध्ये ठेवायला विसरलं तर सकाळी त्यानं तांब्याचं भांडं घासता येईल इतकं आंबट. डिसेंबरात तेच विरजण चमचाभर, दूध जरा जास्त कोमट, आणि पातेलं घोंगड्यात गुंडाळून धान्याच्या पोत्यांच्या मध्ये. ज्या मेंढीनं माझा दृष्टांत मोडला, तिचीच लोकर दह्याला टेकडी चढायला ऊब देते. मी एकदा हुशारी करून दूध चांगलं कढत असतानाच विरजण लावलं होतं. व्हॅन्ट हॉफच्या हिशेबानं तासाभरात दही व्हायला हवं होतं. सकाळी दूध दूधच. विरजणातले जीव उकडून मेले होते. "पुस्तकात न्हाय का लिवलं?" असं बायकोनं विचारलं होतं. पुस्तकात होतं. पुढच्या धड्यात होतं.

रविवारी शेवटच्या बाकावरच्यानं घरी बोलावलं. चुलते पुतणीच्या लग्नाला तमिळनाडूहून आले होते. वाटेत उसाच्या ट्रॉल्या रांगेनं थांबलेल्या. रसायनशास्त्रात अभिक्रियेचा वेग मोजायची सुरुवात उसाच्या साखरेपासूनच झाली. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं आम्लात साखर किती वेगानं फुटते ते मोजलं, आणि साखर जितकी शिल्लक तितका वेग, असा नियम बसवला. कित्येक वर्षं त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याला सांगली जिल्ह्यात आणायला पाहिजे होतं. तोडलेला ऊस ट्रॉलीत थांबला की आतली साखर अशीच फुटत राहते, उन्हात जास्तच. शेतकरी ट्रॅक्टरच्या सावलीत बसून तंबाखू मळत तेच मोजत असतो, फक्त शोधनिबंध लिहीत नाही.

चुलत्यांचा बंगला दुमजली, बाहेरून टाइल्स, आत म्हातारा-म्हातारी आणि एक मांजर. गलाईवाल्यांच्या गावांत असे बंगले पुष्कळ. आटपाडी, खानापूर, विटा, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला भारतभर पांगली. केरळात जा, पंजाबात जा, कोलकात्याला जा, सराफ बाजारातल्या एखाद्या बोळात भट्टीपाशी बसलेला माणूस तुम्हाला "कुनाकडचं पावनं?" असं विचारतो. इथं पाऊस पडत नाही म्हणून ही माणसं आगीपाशी जाऊन बसली. चुलत्यांना सगळे तात्या म्हणतात. ते माझ्याशी मराठीत, स्वतःच्या पोराशी हिंदीत आणि फोनवर तमिळमध्ये एकाच दमात बोलत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "गिऱ्हाईक दागिना टाकतंय आन म्हनतंय, पाच वाजता गाडी हाय. आता तेजाबाला गाडीचा टाइम कोन सांगनार?"

तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. ते चांदी आणि तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. मला वाटलं होतं, दागिना टाकायचा, तेजाब ओतायचं, भेसळ निघून जाते. तात्या हसले. बावीस कॅरेटचा दागिना, म्हणजे शंभरात जवळपास ब्याण्णव भाग सोनं. "त्याच्यावर तेजाब वता, रातभर ठिवा, काय बी हुत न्हाय. सोनं चांदीला पोटाखाली घिऊन बसतंय." मला पहिल्या बाकावरच्या मुलीची मेंढरं आठवली.

"मग काय करता?"

"आनखी चांदी घालायची."

मी चहाचा कप खाली ठेवला. चांदी काढायची म्हणून चांदी घालायची! पण तसंच आहे. मुशीत दागिना वितळवून त्यात एवढी चांदी मिसळायची, की चार भागांत सोनं एकच भाग उरेल. म्हणजे चांदीचे कण एकमेकांना लागून बसतात आणि तेजाबाला बाहेरून आतपर्यंत सलग वाट मिळते. एक चांदी विरघळली की मागची उघडी पडते. राहतं ते सोनं स्पंजासारखं पोकळ. पण त्याआधी आणखी एक काम: वितळलेला रस वरून बारीक धारेनं पाण्यात सोडायचा. तात्यांनी हातानं धार करून दाखवली आणि तोंडानं "चुर्रर्र" केलं. पाण्यात दाणे पडतात. हेच ते 'दानं पाडा'. मग दाणे तेजाबात, खाली मंद आच. पृष्ठफळ, संहती, तापमान. माझा अख्खा धडा दहा बाय दहाच्या खोलीत.

"मग एकदम कडक तेजाबच का नाही ओतत? लवकर होईल."

तात्यांनी माझ्याकडं नवीन पोराकडं बघावं तसं बघितलं. "पयलं पानी मिसळून वतायचं. सावकाश खाऊ द्यायचं. मग कडक. पयल्यांदाच कडक वतलं तर सोन्याचा भुगा हुतो, मास्तर. धुताना पान्यासंगं मोरीत. तुमी धा मिन्टं वाचवली, गिऱ्हाइकाची गाडी बी घावली. आन रातच्याला तुमी मोरीपाशी बसलाय गाळणं घिऊन."

तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. धुराड्याला पंखा लावलाय आता, म्हणाले, पूर्वी नव्हता. एवढं सांगताना ते खोकले आणि विषय बदलला. पोरगा नवीन असला की हमखास घाबरतो तो शेवटी, म्हणाले. चांदी गेली की भांड्यात जे उरतं ते पिवळं नसतं, तपकिरी मातीसारखं असतं. गिऱ्हाइकाच्या सोन्याची माती केली म्हणून एक पोरगं रडतच गावाकडं निघालं होतं. ती माती धुऊन, वाळवून, सवागी, म्हणजे टाकणखार टाकून पुन्हा मुशीत वितळली, की मग पिवळी धमक. आणि तेजाबात गेलेली चांदी? त्या निळ्या-हिरव्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. चांदी कापसासारखी खाली बसते.

मलाही काहीतरी सांगावंसं वाटलं. म्हटलं, तात्या, लोखंडाचा खिळा पातळ तेजाबात विरघळतो. पण अगदी तीव्र तेजाबात टाका, त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि तो ढिम्म बसून राहतो. तीव्रता वाढली की काम थांबतं.

"म्हंजी सायेब झाला," तात्या म्हणाले.

निघताना त्यांनी रानातली डाळिंबं दाखवली. जरा कच्चीच तोडून न्यावीत, गाडीत दोन दिवस जाणार, तोवर पिकतील, असा त्यांचा बेत होता. म्हातारीनं आतूनच सांगितलं, "आंबा हाय व्हय त्यो?" म्हातारीचं बरोबर होतं. आंबा, केळं तोडल्यावरही पिकत राहतात, इथिलीन वायू दाखवला तर जोरात. डाळिंब झाडावरून उतरलं की जिथं होतं तिथंच थांबतं. सोन्याची घाई उतरवणारे तात्या डाळिंबापुढं गप्प झाले.

सोमवारी सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळा उघडली. शिपाईमामा चंचुपात्राकडं बोट दाखवून म्हणाले, "सर, ह्येचं पैसं कमी झाल्यात."

तुकडा उभाच होता. तळाशी तपकिरी गाळ साचला होता. आम्लाच्या रेघेच्या वरचा भाग होता तसाच, काळसर, गुळगुळीत. खालचा पांढुरका, खरखरीत आणि बारीक झालेला. 'रु. ५' स्वच्छ वाचता येत होतं. '१' नव्हता. तो तीन बुडबुड्यांचा, टाळ्या घेतलेला प्रयोग कुणी बघत नसताना शांतपणे चालू राहिला होता.

वर्ग गोळा झाला. शेवटच्या बाकावरच्यानं लगेच हिशेब मांडला. "सर, वेग म्हंजी बदल भागिले काळ. एक्कावन्नचं पाच झालं. ४६ रुपये भागिले तीन दिवस."

"तीन दिवस कुठनं?" पहिल्या बाकावरची. "शुक्रवारी दुपारी तीनला वतलं, आज अकरा. अडुसष्ट तास."

भागाकार झाला. ताशी अडुसष्ट पैसे, थोडे कमीच. मी म्हटलं, हा सरासरी वेग; पहिल्या काही तासांत जास्त कापले गेले असणार, पुढं आम्ल संपत गेलं तसा वेग मंदावला. विल्हेल्मीनं साखरेबद्दल हेच सांगितलं होतं. पोरांनी ते मान डोलवत लिहून घेतलं. इतकं मन लावून त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. विषय पैशाचा होता.

तेवढ्यात दारात देवस्थान समितीतले एक आजोबा उभे. हातात वही. जुन्या देणगीदारांची नावं आणि रकमा एकत्र करून ग्रॅनाइटच्या मोठ्या पाटीवर कोरायची ठरली होती, सगळे तुकडे जुळवून झाले होते, एक तेवढा शाळेतलं पोरगं घेऊन गेलं असं कळलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, चष्मा वर-खाली केला.

"पाच दिसत्यात."

चाळीस डोकी माझ्याकडं वळली. मी सांगितलं की एक्कावन्न होते. कसे कमी झाले, तेही सांगायला सुरुवात केली. टेकडी, टकरी, संहती. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता लिवायचं किती?"

मी खिशातून ४६ रुपये काढून दिले. आजोबांनी ते मोजले, वहीत एक्कावन्न लिहिले आणि वर पावतीही फाडायला घेतली.

"नाव?"

मी म्हटलं, नाव राहू द्या. नुसतं 'स्मरणार्थ' लिहा.